परवानगीची चौकट: यार्डातल्या हळद पेढीच्या संगणकांवरचं काम

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर जाऊन आले. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपली, म्हणून पेढीने दिवाळीत विंडोज ११ चे दोन नवे संगणक घेतले. एक पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदाच्या, टेबलावर, एक काट्याजवळ. मागच्या खोलीतला तिसरा जरा आधीचा आहे, सगळा हिशोब त्याच्यावर.

दिवाणजींची तक्रार एकच. "ताई, जुनं मशीन कधी काय विचारत नव्हतं. हे नवं दर वेळी स्क्रीन काळी करतंय आन् परवानगी देऊ का म्हणतंय. शेतकरी समोर उभा, पोती काट्यावर, आन् ह्याचं आपलं चालूच."

तासभर त्यांच्या शेजारी बसले. डाव्या हातात काटापट्टी, उजवा हात माउसवर. चौकट आली की नजर कागदावरच, बोट ‘यस’वर. त्या तासात चौकटीतली ओळ एकदाही वाचली गेली नाही. वेळ जातो हे खरंच आहे, पण मला त्याहून जास्त काळजी वाटली ती या बोटाची. उद्या भलत्याच प्रोग्रामने परवानगी मागितली तरी ते तितक्याच सहज ‘यस’ म्हणणार.

धाकटे मालक म्हणाले, "सेटिंगमधली ती सरकपट्टी तळाला ओढा की, विचारायचंच बंद होईल. एका मिनिटाचं काम." मी सीझनच्या आधीची मुदत मागून घेतली. नवी हळद जानेवारीपासून यायला लागते, तोवर हातात दोन महिने आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

जुनं मशीन का विचारत नव्हतं हे आधी बघायचं होतं. माळ्यावरून काढून चालू केलं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, ‘एनेबल एलयूए’ची किंमत शून्य! कुणीतरी केव्हातरी युजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे यूएसी, मुळातूनच बंद करून ठेवलं होतं. दिवाणजी, काट्यावरचा पोरगा, कधीमधी येणारे पाहुणे, सगळे एकाच ॲडमिन खात्यावर आणि पूर्ण अधिकारांवर काम करत होते. मशीन बिनतक्रार चालायचं, कारण दाराला कडीच नव्हती.

मालकांना समजावून सांगितलं, ते इथेही लिहून ठेवते. ॲडमिन खात्याने आत शिरलं तरी विंडोज तुमच्यासाठी दोन ओळखपत्रं तयार करते, एक पूर्ण अधिकारांचं आणि एक साधं. रोजची कामं साध्यावर चालतात. एखाद्या प्रोग्रामला पूर्ण अधिकार हवे असतील तर ती चौकट येते. त्या वेळी स्क्रीन काळवंडते, कारण चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते. तिथे दुसरा कुठला प्रोग्राम तुमच्या वतीने ‘यस’ दाबू शकत नाही. २००७ साली व्हिस्टासोबत हे आलं तेव्हा इतकं विचारायचं की लोक वैतागून बंदच करायचे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये चार पायऱ्यांची सरकपट्टी आली आणि विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगसाठीचं विचारणं बरंच कमी झालं.

सरकपट्टी तळाला ओढली तर काय होतं? विंडोज ८ पासून यूएसी पूर्ण बंद होत नाही, पण ॲडमिन खात्यावर जो मागेल त्याला न विचारता पूर्ण अधिकार मिळतात. म्हणजे आपल्या पट्टीच्या प्रोग्रामला मिळतात आणि पेनड्राइव्हवरून आलेल्या कशालाही मिळतात. वरून तिसरी पायरी, स्क्रीन न काळवंडणारी, तीही मला नको. डोळ्यांना बरी वाटेल, पण चौकट इतर प्रोग्रामांच्या आवाक्यात येईल.

सरकपट्टी वरून दुसऱ्या पायरीवर आहे, तिथेच राहणार. कोण विचारतंय आणि का विचारतंय, हे एकेक करून शोधायचं ठरवलं. ज्याचं कारण निघेल त्याचं कारणच काढून टाकायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाणजींना एक कागद दिला होता. चौकट आली की प्रोग्रामच्या नावापुढे रेघ मारायची. पाचव्या रेघेला आडवी काट, पोती मोजतात तशी. त्यांना ते लगेच जमलं, आणि त्या निमित्ताने चौकटीतलं नाव वाचायला लागले.

दोन दिवसांच्या रेघा: पट्टीचा प्रोग्राम १९, मराठी टायपिंगचा १४, काट्याचं वजन घेणारा ११, पोत्यावरची लेबलं छापणारा ६, बॅकअप २. पाचच प्रोग्राम. बाकी मशीन गप्प आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

काट्यापासून सुरुवात केली, कारण तिथे कारण दिसेना. काट्याची वायर यूएसबीतून येते आणि सिरियल पोर्ट म्हणून दिसते. पोर्ट वाचायला ॲडमिन लागत नाही. गुणधर्मांतल्या कंपॅटिबिलिटीच्या पानावर ॲडमिन म्हणून चालवायची खूण नाही. तरी आयकॉनवर ढालीचं चित्र, म्हणजे हा परवानगी मागणार.

मग फाइलच्या नावाकडे लक्ष गेलं. नावात ‘अपडेट’ हा शब्द! जुने, ३२ बिटचे, कुठल्या अधिकारांवर चालायचं याची चिठ्ठी सोबत न ठेवणारे प्रोग्राम विंडोज नावावरून ओळखायचा प्रयत्न करते. नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ असेल तर हा नवं काही बसवणारा प्रोग्राम असं समजून आधी परवानगी मागते. काट्याच्या प्रोग्रामची सुधारित आवृत्ती देताना कुणीतरी तेच नाव ठेवून दिलं होतं. नाव बदलून नुसतं ‘काटा’ केलं, शॉर्टकट नवा केला. ढाल गेली. वजन येतंय, ५० किलोचं माप ठेवून तीनदा ताडून पाहिलं.

एक नाव बदललं आणि दोन दिवसांच्या अकरा रेघा गेल्या. फार बरं वाटलं.

दुपारी पट्टीचा प्रोग्राम. त्याच्या गुणधर्मांत ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ ही खूण केलेली होती. काढली. उघडला, पट्टी केली, हमाली-तोलाई वजा होऊन रक्कम बरोबर आली, छापली. चौकट नाही, चूक नाही. दिवाणजी खुश. मी पाच वाजता निघाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सव्वादहाला फोन. एकाच नंबरच्या दोन पट्ट्या निघाल्या, दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या नावावर. हातातलं काम टाकून यार्डात गेले. मोजून चार नंबर दुबार झाले होते, २३१७ ते २३२०. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातातला पुरावा. पैसे मागायला तो तीच घेऊन येतो. हे माझ्या हातून झालं याचं वाईट वाटलं.

संगणकावर अवलंबून न राहता दिवाणजी रोजकीर्द अजून हाताने लिहितात, म्हणून निभावलं. कुणाची कुठली पट्टी ते तिच्यावरून लागलं. चौघांना फोन करून दुरुस्त पट्ट्या दिल्या, जुन्या परत घेतल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कारण सापडलं. सगळ्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून सविस्तर लिहिते. हाच खड्डा दुसऱ्या कुणाच्या वाटेतही येऊ शकतो.

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर लावलं. एखादा प्रोग्राम कुठली फाइल उघडतो, कुठे लिहितो, हे ते ओळीओळीने दाखवतं. पट्टीचा प्रोग्राम दर पट्टीनंतर पुढचा नंबर एका छोट्या आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या साध्या मजकूर फाइलमध्ये, लिहितो, आणि ती फाइल त्याच्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्सच्या आत आहे. साध्या अधिकारांवर तिथे लिहिता येत नाही. मग खूण काढल्यावर चूक का आली नाही?

कारण विंडोज अशा जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेते. लिहायला नाही म्हणण्याऐवजी ती त्या फाइलची एक प्रत वापरणाऱ्याच्या खात्यात, व्हर्च्युअल-स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये करते आणि लिखाण गुपचूप तिकडे वळवते. प्रोग्रामला वाटतं आपण मूळ जागीच लिहिलं. सोमवारी मूळ फाइलमध्ये पुढचा नंबर २३१७ होता. त्यानंतरचे सगळे नंबर प्रतीत वाढत गेले, मूळ फाइल तिथेच थांबली. काल सकाळी धाकट्या मालकांनी सवयीने उजवी टिचकी मारून प्रोग्राम ॲडमिन म्हणून उघडला. पूर्ण अधिकार असले की हे वळवणं होत नाही, सरळ मूळ फाइल वाचली जाते. तिथे २३१७ वाटच पाहत होता.

म्हणजे ती खूण करणाऱ्याने कारण असल्यामुळेच केली होती. कारण न शोधता मी ती काढली. इथून पुढे खूण काढायच्या आधी प्रोसेस मॉनिटर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन वाटा होत्या. अख्खा प्रोग्राम सी ड्राइव्हच्या मुळाशी नव्या फोल्डरमध्ये हलवायचा. तिथे लॉग-इन केलेल्या कुणालाही लिहिता येतं आणि प्रश्न मिटतो. पण मग प्रोग्रामची मुख्य फाइलसुद्धा कुणालाही बदलता येते. दुसरी वाट किचकट पण बरी: प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्येच ठेवायचा आणि ती आयएनआय फाइल व छपाईचं तात्पुरतं फोल्डर एवढ्यालाच साध्या खात्यांना ‘मॉडिफाय’ची, म्हणजे बदल करायची, मुभा द्यायची. दुसरी घेतली.

मुभा दिल्यावर पुढचा नंबर दोन्ही फाइलींतला मोठा धरून मूळ फाइलमध्ये लिहिला, आणि तरीही प्रोग्राम जुनाच नंबर दाखवत राहिला. अर्धा तास गेला. व्हर्च्युअल-स्टोअरमधली प्रत अजून जागेवर होती, आणि प्रत असेल तर प्रोग्रामला तीच दाखवली जाते. ती पेनड्राइव्हवर काढून ठेवली, तिथून पुसली, आणि नंबर बरोबर आला. मग साध्या अधिकारांवर एक, ॲडमिन म्हणून एक, पुन्हा साध्यावर एक, अशा तीन चाचणी पट्ट्या केल्या. नंबर सलग. चाचणीच्या पट्ट्या रोजकीर्दीत ‘रद्द’ म्हणून नोंदवायला लावल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मराठी टायपिंगच्या प्रोग्रामलाही तीच ॲडमिनची खूण होती. या वेळी घाई केली नाही, आधी पाहिलं. फोल्डरमध्ये लिहीत नाही, रजिस्ट्रीच्या बंद भागाला हात लावत नाही. मग कशाला?

उत्तर दिवाणजींनीच दिलं. "पट्टीत शेतकऱ्याचं नाव मराठीत उमटत नव्हतं, म्हणून त्या पोरानं कायतरी केलं, मग उमटायला लागलं." आता लक्षात आलं. साध्या अधिकारांवर चालणारा प्रोग्राम पूर्ण अधिकारांच्या खिडकीत कळा पाठवू शकत नाही, दोघांच्या मध्ये विंडोज भिंत घालते. पट्टीचा प्रोग्राम वरच्या अधिकारांवर चालत होता, म्हणून टायपिंगवाल्यालाही वर चढवावं लागलं. आता पट्टीचा प्रोग्राम साध्या अधिकारांवर आला आहे. टायपिंगची खूण काढली, नाव मराठीत व्यवस्थित उमटतं. पाच गावांची नावं घालून पाहिली, जोडाक्षरांसकट.

मागच्या खोलीतल्या मशीनचा झेड ड्राइव्ह पट्टीच्या प्रोग्रामला दिसत नव्हता, त्याचंही कोडं यातच सुटलं. साध्या ओळखपत्रावर जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह पूर्ण अधिकारांच्या प्रोग्रामला दिसत नाही. आता दिसतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लेबलांचा प्रोग्राम. याच्या चिठ्ठीतच ‘ॲडमिनिस्ट्रेटर हवाच’ असं लिहिलंय, त्यामुळे काढायला खूणच नाही. विकणाऱ्याकडून उत्तर आलं, ॲडमिननेच चालवा. प्रोसेस मॉनिटरवर छपाईच्या वेळी अडेल असं काही दिसलं नाही.

याला उपाय एका छोट्या बॅच फाइलचा, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेल्या फाइलचा. पहिल्या ओळीत एक चल (व्हेरिएबल) ठरवायचा. त्याच्या नावात आधी दोन अंडरस्कोर, मग ‘कॉम्पॅट’, एक अंडरस्कोर आणि ‘लेयर’. किंमत ‘रन-ॲज-इन्व्होकर’, सगळं जोडून. दुसऱ्या ओळीत ‘स्टार्ट’ने प्रोग्राम उघडायचा. ज्याने उघडलं त्याच्याच अधिकारांवर तो चालतो, वरचे मागत नाही. यातून कुणाला जादा अधिकार मिळत नाहीत, उलट कमी मिळतात, म्हणून हा उपाय मला आवडतो. राजापुरी हळदीच्या एका लॉटची चाळीस लेबलं छापून पाहिली. फक्त छपाईयंत्र बदलायच्या पानावर ‘जतन झालं नाही’ येतं. ते काम वर्षातून एकदा, तेव्हा ॲडमिननेच करायचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उरला बॅकअप. हा खरोखर हक्काने मागतो. चालू फाइलींची छायाप्रत, म्हणजे त्या क्षणाची प्रत, काढायला पूर्ण अधिकार लागतातच, तिथे पळवाट शोधायची नाही.

पेढीला बॅकअपचं मोल सांगावं लागत नाही. मालकांचं गावभागातलं घर २०१९ च्या पुरात बुडालं, तेव्हा जुन्या वह्यांचं दप्तर भिजून त्याचा लगदा झाला होता. अजूनही ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये काम लावलं: रोज संध्याकाळी साडेसातला, विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्याखाली, ‘सर्वोच्च अधिकारांसह’. चौकट येत नाही, कुणी दाबायला लागत नाही. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवून तोच टास्क हाताने चालवायची युक्ती बरेच जण सांगतात. ॲडमिन खात्यावर ती चालते, पण पुढे मी ही खाती साधी करणार आहे आणि साध्या खात्यावरून असा टास्क सुरू होत नाही. शिवाय असा टास्क म्हणजे न विचारणारं दार. तो ज्या फाइलकडे बोट दाखवतो ती साध्या खात्याला बदलता येता कामा नये. बॅकअपचा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये आहे आणि त्या फोल्डरची मुभा तशीच आहे, हे पुन्हा तपासलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी सातच्या सुमारास लाइट गेली आणि बॅकअप झाला नाही. यूपीएसवर मशीन चालू होतं, तरी नाही. यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडलेली, त्यामुळे विंडोजला ती बॅटरी वाटते. टास्कच्या अटींमध्ये ‘वीज चालू असेल तरच सुरू करा’ ही खूण आपोआप असते. काढली. ‘वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालवा’ ही केली.

१ डिसेंबर, सोमवार

दिवाणजींच्या कागदावर गेल्या चार दिवसांत एकही रेघ नाही. म्हणून आज शेवटचं काम केलं. तिन्ही मशीनवर पासवर्डचं वेगळं ॲडमिन खातं केलं आणि रोजची खाती साधी केली. आता चौकट आलीच तर ‘यस’ दाबून भागणार नाही, ती पासवर्ड मागेल. पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट तिजोरीत, शिवाय तो फक्त थोरल्या मालकांना पाठ.

हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर दिवसाला पंचवीसेक वेळा तिजोरी उघडावी लागली असती, आणि आठवड्याच्या आत पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटली असती. मी यार्डात अशा चिठ्ठ्या पाहिल्यात. म्हणून आधी विचारणं थांबवलं, कुलूप मग घातलं.

धाकटे मालक जरा नाराज होते. मशीन त्यांचं, त्यावर पासवर्ड का मागावा? मी त्यांना तिजोरीच्या किल्लीचं विचारलं. ती ते खिशात घेऊन फिरत नाहीत, गरज पडली की थोरल्यांकडून घेतात. त्यांनी मान डोलावली. पटलं असावं.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

नव्या हळदीची पोती यायला लागली. दिवाणजींचा दुपारी फोन. "ताई, विचारतंय. पासवर्ड मागतंय. मी काय दाबलं नाय." बाकीचं काम थांबवून ते चौकटीतलं वाचून दाखवत होते. आधी प्रोग्रामचं नाव, मग प्रकाशकाचं. इंग्रजी नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. छपाईयंत्र बनवणाऱ्या कंपनीचंच नाव, सही असलेलं, ड्रायव्हरची नवी आवृत्ती. थोरले मालक समोरच होते, त्यांनी पासवर्ड घातला.

संध्याकाळी यार्डात गेले तेव्हा दिवाणजींनी रोजकीर्दीच्या शेजारची पातळ वही उघडून दाखवली. लाल शाईने रकाने आखलेले: तारीख, मशीन, कोण विचारतंय, प्रकाशक, दिलं की नाही, कुणी दिलं. पहिली नोंद आजची. तिच्याखालची सगळी पानं कोरी. वहीला त्यांनी नाव घातलंय, ‘परवानगी खातं’.

काट्याजवळच्या मशीनसाठीही तशीच एक वही आखून द्यायला सांगितलं. पुढची फेरी मार्चअखेर, सौदे जोरात असताना. तेव्हा दोन्ही वह्या आणि बॅकअपमधली एक जुनी पट्टी उघडून बघायची.